बाईंचं नाक

बाई प्रत्येक बदाम नाकाला लावायच्या. मूठभर एकदम नाही, एकेक. डाव्या हातात ताटली, उजव्या हाताच्या चिमटीत बदाम. तो नाकाशी न्यायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या, आणि मग तो पातेल्यात पडायचा नाहीतर खिडकीबाहेर जायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई जप करतायत. मी भांडी न वाजवता घासली.

खिडकीखाली एक खार ठरलेली होती. बाईंनी टाकलेला बदाम तीसुद्धा हुंगायची आणि तसाच ठेवून जायची. बाई म्हणायच्या, "बघ, तिला कळतं. दुकानदाराला कळत नाही."

नारायण पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर बाईंच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीच्या खिडकीतून त्या फळांचे शेक विकायच्या. चिकू, सीताफळ, अंजीर, आंबा, ज्या फळाचे दिवस असतील त्याचा. पण त्यात दुधाचा थेंब नसायचा, गाईचा नाही की म्हशीचा नाही. बदाम, काजू नाहीतर शेंगदाणे भिजवून, वाटून जे पांढरं निघायचं त्यात सगळं व्हायचं. त्या वेळी असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. लोक विचारायचे, दूध का नाही? बाई दर माणसाला वेगळं कारण सांगायच्या. एकाला म्हणाल्या, नवस आहे. एकाला म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय. एक गृहस्थ फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "वासराला विचारून आले. ते नाही म्हणालं." मी कधी विचारलं नाही, म्हणून मला कुठलंच कारण मिळालं नाही.

पाटी नव्हती. "पाटी लावली की लोक पाटी वाचतात आणि पुढे जातात," असं त्यांचं म्हणणं. ज्यांना दूध पचत नव्हतं ते शोधत यायचे. एकदा प्यायलेले पुन्हा यायचे. बाईंची बोलणी खाऊनही यायचे.

समोरच्या डेअरीच्या मालकांना हे सगळं नाटक वाटायचं. एकदा ते भर गर्दीत खिडकीशी येऊन म्हणाले, "काय हो बाई, बदामाला आचळं कुठे असतात?"

बाई चिकू सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या नळाला असतात तिथेच."

खिडकीतली माणसं हसली. डेअरीवालेही हसले, पण जरा उशिरा.

मी पुण्याबाहेरच्या मांजरी गावाकडची. लग्न होऊन शहरात आले. माझे मिस्टर जवळच्या छापखान्यात होते आणि मी चार घरची भांडी घासायची. शहरात मी फार बोलायची नाही. तोंड उघडलं की हाय-न्हाई बाहेर पडायचं. समोरचा माणूस हसायचा नाही, पण हसू आवरायचा, आणि ते जास्त लागायचं. बाईंकडे ते बरं होतं. त्यांना उत्तर लागायचंच नाही. त्या बोलायच्या आणि मी करायची.

बदाम नाकाने पास झाले की रात्रभर भिजत घालायचे. सकाळी सालं काढायची. चिमटीत दाबलं की बदाम सालातून सटकन सुटतो. मग आधी अगदी थोड्या पाण्यात वाटायचे. बाई मिक्सरच्या भांड्यावर तळवा ठेवून उभ्या राहायच्या. आवाज जाड झाला की बंद. मग पाणी घालून पुन्हा, आणि मग मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचं. चोथा माझा. त्याच्या मी वड्या करायची. काजू गाळायचे नाहीत, ते पूर्ण विरघळतात. शेंगदाण्यांवर आधी उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे कच्चट वास जातो. सीताफळ मिक्सरमध्ये घालायचंच नाही. एक बी जरी फुटली तरी सगळं गेलं. चाळणीवर बोटांनी घासून गर काढायचा, त्याला माझा एक एक तास जायचा.

आणि बर्फ नाही. गिऱ्हाइकाने बर्फ मागितला की बाई म्हणायच्या, "बर्फ म्हणजे पाणी. पाणी बाहेर नळाला आहे." गार पाहिजे म्हणून त्या फळाच्या फोडीच आदल्या दिवशी बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या. त्या दगडासारख्या फोडी काजूच्या दुधात फिरल्या की जे व्हायचं ते ओतायचं नसायचं, सोडायचं असायचं. इतकं ते दाट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मोठ्या घरातली साय आहे. आमच्याकडे म्हैस होती, पण अशी साय मी म्हशीकडेही पाहिली नव्हती.

भांडी घासायला लागून महिना झाला असेल. एक दिवस बाईंनी माझ्यापुढे छोटा पेला ठेवला. शेजारी एक वही आणि शिसपेन्सिल.

"पी, आणि काय लागतं ते लिही."

मी म्हटलं, "मला न्हाई येत."

"पिता येत नाही का लिहिता येत नाही?"

"चौथी झालीय."

"मग पुष्कळ झालं. एकच ओळ लिहायचीय."

बाई तरुणपणापासून एका उदबत्तीच्या कारखान्यात होत्या. त्यांचं काम वास घ्यायचं. रोज तयार झालेल्या मालाचा वास कसा आहे ते तिथे वहीत लिहायची पद्धत होती. कारखाना सुटला, पण वही सुटली नाही. आता त्या रोज सकाळच्या पहिल्या घाण्याची चव लिहून ठेवायच्या. "स्वतःच केलेलं स्वतःच चाखलं की माणूस स्वतःला फसवतो," त्या म्हणाल्या. "आजपासून तू लिहायचं."

मी लिहिलं, छान.

बाईंनी काट मारली. "छान म्हणजे काही नाही. मुलगी बघायला आलेले लोक पोह्यांना छान म्हणतात, आणि घरी जाऊन पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. नीट लिही."

मी लिहिलं, गोड. त्यावरही काट. "चिकू गोडच असतो. त्यात तू काय सांगितलंस?"

मग मी पुष्कळ वेळ पेला धरून बसले. शेवटी लिहिलं, दाट हाय. लिहिलं आणि मग दिसलं की हाय लिहिलंय. मी खोडायला गेले तर बाईंनी वही ओढून घेतली. वाचलं. म्हणाल्या, "दाट. बरोबर." त्या हायला त्यांनी हात लावला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

असं रोज. हळूहळू मला शब्द सापडायला लागले. एकदा लिहिलं, जिभेवर सायीवानी बसतंय. बाई म्हणाल्या, "दूध नाही तर साय आली कुठून?"

मी म्हटलं, "तोंडात आली."

बाई वही मिटून उठल्या. मग आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण आतून त्यांचा हसण्याचा आवाज आला. तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

खराब बदाम दोन तऱ्हेचे असतात, हे मला त्यांनीच शिकवलं. एक कडू आणि एक खवट. कडू सगळ्यांना कळतो. खवट हळूच असतो. त्यातलं तेल जुनं झालेलं असतं, पहिल्या घोटाला कळत नाही, गिळल्यावर घशात राहतं. "कडू जन्माने असतो," बाई म्हणायच्या, "आणि खवट वयाने होतो." गल्लीत लोक बाईंनाच खवट म्हातारी म्हणायचे. ते त्यांच्या कानावर होतं. म्हणायच्या, "असेन. पण जन्माने नाही."

मला त्यांचं फार अप्रूप होतं. एवढी एकटी बाई, कुणाला न घाबरणारी, आणि सगळा भरवसा कशावर, तर एका नाकावर. फडताळातल्या सहा बरण्यांतली कुठली काल उघडली होती ते त्या उंबऱ्यातून सांगायच्या. मी सकाळी घरी मेथी निवडून आले असले तर म्हणायच्या, "आज मेथी." मला वाटायचं, यांच्यापुढे काही लपवता येणार नाही.

एका दिवाळीत बाईंना मोठा ताप आला. दहा दिवस खिडकी बंद होती. ताप गेला, पडसं गेलं, खिडकी उघडली. बाई पुन्हा ताटली घेऊन बसल्या. एकेक बदाम नाकाशी, डोळे मिटून, आणि पातेल्यात. तो पातेल्यात, त्याच्या पुढचाही पातेल्यातच. खिडकीबाहेर एकही गेला नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पेला तोंडाला लावला आणि गिळल्यावर घशात काहीतरी राहिलं.

मी पुन्हा एक घोट घेतला. होतंच. पण बाईंनी तो प्रत्येक बदाम हुंगलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मला वाटलं, माझंच तोंड खराब असेल. पुण्यातल्या बाईंचं नाक खोटं आणि माझी चौथीतली जीभ खरी, असं कसं होईल? मी वहीत लिहिलं, मऊ हाय. दुसऱ्या दिवशी लिहिलं, दाट हाय. ते खोटं नव्हतं. दाट होतंच ते. पुढे पुढे मला नक्की कळलं की जीभ माझी बरोबर आहे. आणि तोवर इतक्या ओळी लिहून झाल्या होत्या की आता सांगायचं कसं, हे कळेना. रोज खवट नसायचं. दुकानदाराने माल चांगला दिला तर चांगलं व्हायचं. ज्या दिवशी चांगलं असायचं त्या दिवशी मला वाटायचं, झालं, आता सांगायची गरज नाही.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी एक कॉलेजची मुलगी नेहमी यायची. तिला दूध चालत नव्हतं. थंडीतली गोष्ट. तिने अंजिराचा शेक घेतला, दोन घोट घेतले आणि ग्लास खिडकीत ठेवला.

"काकू, आज हे जरा वेगळं लागतंय."

"वेगळं? जीभ बदलून आणलीस का?" बाई म्हणाल्या. "मेसचं खाऊन खाऊन चव मेलीय तुझी. तिकडेच जा. इथे पुन्हा यायची गरज नाही."

मुलीचे कान लाल झाले. चार माणसं बघत होती. ती सॉरी म्हणाली आणि गेली. मी आत मोरीशी उभी होते. सकाळी मी तोच घाणा प्यायले होते. वहीत लिहिलं होतं, गुळगुळीत हाय.

संक्रांतीनंतर कोथरूडहून एक बाई आल्या. त्यांची मुलगी शाळेत असल्यापासून बाईंचा चिकू शेक प्यायला यायची. तिलाही दूध सोसत नसे. आता तिचं डोहाळेजेवण होतं. काय हवं विचारलं तर म्हणाली, मला त्या काकूंचा शेक पाहिजे आणि आलेल्या सगळ्या बायकांनाही तोच द्या. तीस बायका. बाई कधी कुणाकडे माल पोचवायच्या नाहीत. पण म्हणाल्या, "तिला सांगा, येईन."

त्या स्वतः जाऊन बदाम घेऊन आल्या. संध्याकाळभर हुंगत बसल्या. सकाळी सोलले, वाटले, गाळले. मोठं पातेलं भरलं. चारला कोथरूडला पोचायचं होतं. मी माझा पेला घेतला.

इतकं खवट कधीच झालं नव्हतं.

मला त्या पोरीचा चेहरा दिसायला लागला. गरोदर बाईला असला घोट म्हणजे सगळं बाहेर येणार, तेही तीस जणींसमोर. बाई फोडी काढत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. मग मी वही घेतली आणि लिहिलं, खवट हाय. आणि वही त्यांच्यासमोर धरली.

बाईंनी वाचलं. हात पुसले. पातेल्याशी गेल्या, वाकून नाक लावलं. पुष्कळ वेळ तसंच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या.

"मला वाटलं, यंदा माल चांगला येतोय," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

त्यांनी वही मागे चाळली. वाचायला लागल्या. मऊ हाय. दाट हाय. गुळगुळीत हाय. एकेक ओळ, मोठ्याने, सावकाश. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग वही मिटली.

"हे सगळं मोरीत ओत. आणि रविवार पेठेत जा. काजू आण. काजू तासाभरात भिजतात. वास तू घ्यायचास."

"बाई, मला न्हाई..."

"मला येत होतं. आता येत नाही. राहिलं कोण?"

मी पातेलं ओतलं. मोरी पांढरी झाली. मग पळत निघाले.

दुकानदाराने काजूची पिशवी पुढे केली. मी एक नाकाला लावला. म्हटलं, "खवट हाय. दुसरे दाखवा."

"हाय का?" तो मागच्या माणसाकडे बघून म्हणाला. दोघंही हसले, न आवरता. "ताई, तुमच्या बाई स्वतः वास घेऊन नेतात. दिवाळीपासून एक दाणा परत आला नाही त्यांचा."

"हाय," मी म्हटलं. "दुसरा डबा उघडा."

त्याने तीन डबे उघडले. तिसरा चांगला होता.

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही रिक्षातून कोथरूडला उतरलो, मांडीवर स्टीलचे डबे. ती मुलगी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली होती. तिने एक ग्लास प्यायला, दुसरा प्यायला आणि तिसरा मागितला. तिची आई रडायलाच लागली. बाई दारातच उभ्या होत्या. ओटीही घेतली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून हुंगायला तू खुर्चीवर. मी सोलीन."

मला वाटलं, संपलं. पण बाईंचं तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही पुढे ठेवली. दिवाळीपासूनचं प्रत्येक पान मी उघडायचं, आणि ज्या दिवशी खवट होतं तिथे तसं लिहायचं. आधीची ओळ खोडायची नाही, खाली लिहायचं. मला सगळे दिवस आठवत होते. माझं झालं तेव्हा बाईंनी चप्पल घातली.

"कोणी कोणी ग्लास अर्धा ठेवला, ते भांडी घासणारीला ठाऊक असतं. चल, दाखव."

तो आठवडा मी विसरणार नाही. जी बाई गल्लीत कुणाला एक शब्द कमी द्यायची नाही, ती दारोदार गेली. निवृत्त मास्तरांकडे, औषधाच्या दुकानात, शिवणाचे क्लास घेणाऱ्या बाईंकडे. दारात उभं राहायचं, आत या म्हटलं तरी जायचं नाही. "मी तुम्हाला खवट माल दिला. माझं नाक गेलंय, ते मला कळलं नाही. चूक माझी." एवढंच, आणि वळायचं. लोक गोंधळून जायचे. कुणी म्हणायचे, असू द्या हो. बाई म्हणायच्या, "असू कसं द्यायचं?"

मी मागे उभी असायची. प्रत्येक दारात मला वाटायचं, आता माझ्याकडे बोट करतील. म्हणतील, हिला माहीत होतं. एकाही दारात त्यांनी ते म्हटलं नाही. चूक माझी. प्रत्येक वेळी तेच. माझी मान रोज खाली जात होती.

शेवटी आम्ही सदाशिव पेठेत त्या कॉलेजच्या मुलीकडे गेलो. दोन जिने. बाई मध्ये दम घ्यायला थांबल्या. मुलगी ओले केस पुसत बाहेर आली आणि बाईंना बघून घाबरलीच.

"त्या दिवशीचे बदाम खवट होते," बाई म्हणाल्या. "तुझी जीभ बरोबर होती. मी चार माणसांत तुला नाही ते बोलले. चूक माझी."

"अहो काकू, त्यात काय एवढं! मी विसरलेसुद्धा."

"मी नाही विसरले," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

मी जागची हलले नाही. कठडा धरून ठेवला होता.

"चूक त्यांची न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मला सकाळीच कळलं हुतं. मी प्याले हुते ते. तरी बोलले न्हाई. तुमाला बोलणी बसली ती माझ्यापायी."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. इतके महिने ती खिडकीशी येत होती, पण तिने मला कधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज तर ऐकलाच नव्हता. बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्या थांबल्या. मागे वळल्या. माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे बघून म्हणाल्या,

"हिला बोलता येतं. मलाही आजच कळलं."